‘अंगात असावं लागतं’ म्हणणाऱ्यांना

रॉक बँडच्या गायकाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा एका वाक्यापाशी येऊन थांबते: ‘ते अंगातच असावं लागतं.’ फ्रेडी मर्क्युरीचं नाव आलं तर हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये, लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाच्या स्टेजवर, क्वीन हा बँड वीस-एकवीस मिनिटं वाजला आणि सुमारे ७२ हजार माणसं मर्क्युरीच्या हाताच्या इशाऱ्यावर गायली. त्याची चित्रफीत बहुतेकांनी फोनवर पाहिलेली असते. पाहून झाली की मान हलवत म्हणतात, हे शिकून येत नाही, हा माणूस जन्मालाच असा आला होता. बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुक करतोय. मला त्यात त्या माणसाचा अपमान दिसतो. शिवाय ते म्हणणं खोटं आहे.

आधी हे मत त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. एखादा गायक स्टेजवर आला की नजर त्याच्यावरून हटत नाही, कारण त्याच्या ठायी एक तेज असतं. आवाज निसर्गाने दिलेला, धीटपणा निसर्गाने दिलेला, आणि हजारो माणसांसमोर छाती काढून उभं राहण्याची ऊर्मीही तिथूनच आलेली. तालमीने फार तर थोडी सफाई येते. गिटार, ड्रम, बेस वाजवणारे बाकीचे तिघे साथीला असतात. प्रेक्षक भारला जातो तो त्या तेजाने, आणि ते एकतर असतं किंवा नसतं. या मताला एक जुळा भाऊ आहे, वरवर अगदी उलट बोलणारा. तो म्हणतो, यात संगीत कुठलं? दिवे, धूर, तंग कपडे आणि कानठळ्या. गाण्यात दम नसला की अंगविक्षेप करावे लागतात. पहिलं मत भक्तांचं, दुसरं रॉक ऐकायला राजी नसलेल्यांचं. पण दोघांचं एका बाबतीत एकमत आहे: स्टेजवर चाललेल्या गोष्टीत समजून घेण्याजोगं काम काही नाही. माझा राग आहे तो या एकमतावर.

जन्मजात म्हणता, तर मग जन्मापासूनच बघू. फारोख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी घरात जन्मला. आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात पाठवलं गेलं. पाचगणीचं नाव निघालं की आपली छाती फुगते. फुगावी, पण योग्य कारणासाठी. त्या डोंगरावरच्या हवेने त्याला तेज दिलं नाही. तिथे त्याला पियानोचे धडे मिळाले आणि त्याने त्यातल्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. शाळेच्या गायकवृंदात तो उभा राहिला, शाळेच्या नाटकांत त्याने कामं केली. शाळेतल्या मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला तेव्हा हा मुलगा त्यात पियानो वाजवत होता. मुख्य गायक दुसराच होता. ज्याच्या अंगात जन्मतःच फ्रंटमन होता, तो वाद्यामागे कसा काय बसून राहिला?

पुढचा काळ तर या मताला आणखी अडचणीचा आहे. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे ईलिंगच्या कलामहाविद्यालयात फारोखने ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं, केन्सिंग्टनच्या बाजारात, पुढे क्वीनचा ड्रमर झालेल्या रॉजर टेलरबरोबर जुन्या कपड्यांचा गाळा चालवला, आणि या सगळ्या वर्षांत इतरांचे कार्यक्रम झपाटल्यासारखे पाहिले. जिमी हेंड्रिक्सवर त्याची भक्ती होती, त्याची चित्रं तो काढायचा. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा ‘स्माइल’ हा बँड वाजायचा तेव्हा हा प्रेक्षकांत असायचा आणि नंतर त्यांना सांगायचा, तुम्ही लोकांसमोर उभे कसे राहता ते बदला. १९६९ मध्ये ‘आयबेक्स’ या लहानशा बँडमध्ये त्याला गायची संधी मिळाली. तो बँड टिकला नाही. पुढचाही टिकला नाही. १९७० मध्ये स्माइलचा गायक बँड सोडून गेला, तेव्हा कुठे याला जागा मिळाली आणि त्यातून क्वीन उभा राहिला. वय जवळजवळ चोवीस.

एवढी वर्षं तो काय करत होता? प्रेक्षकांत उभं राहून, स्टेजवरचा माणूस तिथून कसा दिसतो हे पाहत होता. माझ्या मते त्याच्या सगळ्या मोहिनीचं मूळ इथे आहे. तो स्टेजवर आला तो शेवटच्या रांगेतून आला, आणि त्या रांगेला काय दिसतं, काय ऐकू येतं, कुठे कंटाळा येतो, हे तो कधी विसरला नाही. त्याच्या हालचाली पाहा. हात पूर्ण ताणलेला, मूठ वळलेली, पाय रोवलेले, आणि मग एक क्षण तो तसाच थांबतो. शंभर मीटरवरून चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही, आकृती मात्र दिसते. म्हणून तो आकृतीत बोलतो. अर्ध्यातच तुटलेला तो माइकचा स्टँड त्याने क्वीनच्या आधीच्या धडपडीच्या दिवसांपासून वापरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, कारण त्या दांड्यामुळे हाताची रेष लांबते आणि दुरूनही वाचता येते. याला अंगात येणं म्हणायचं? अंगात आलेल्या माणसाला आपला हात शेवटच्या रांगेतून किती लांब दिसतो याचं भान असतं का?

आता वेम्बलीकडे येऊ, कारण भक्तांचा सगळा पुरावा तिथेच ठेवलेला आहे, आणि देखावा-देखावा म्हणणाऱ्यांचाही निकाल तिथेच लागतो. क्वीन स्टेजवर आले ते संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास. इंग्लंडमधला जुलै महिना, लख्ख उजेड. त्यांचे स्वतःचे दिवे नाहीत, धूर नाही, एरवीच्या दौऱ्यातलं भव्य नेपथ्य नाही. अंगावर पांढरी बनियन आणि फिकट जीन्स. जमलेली गर्दी एकट्या क्वीनसाठी आलेली नव्हती, दिवसभर एकामागून एक बँड येऊन जात होते आणि प्रत्येकाला मोजकीच मिनिटं होती. देखाव्याची सगळी साधनं काढून घेतल्यावर जे उरलं ते हे. मग देखावा काय कामाचा होता, हे ज्यांनी रॉकला देखावा ठरवलं त्यांनीच सांगावं.

आणि तेज? त्या वीस मिनिटांचा आराखडा पाहा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने सुरुवात, पण सगळं गाणं नाही, फक्त पियानोवरचा आरंभ आणि थोडी पुढची चाल. तोही बसून. म्हणजे पहिली मिनिटं हा माणूस जागचा हललाच नाही, लोकांना ओळखीचं गाणं देऊन आधी त्यांना गाऊ दिलं. लगेच ‘रेडिओ गा गा’, ज्यात डोक्यावर हात नेऊन दोनदा टाळी वाजवायची असते आणि ती टाळी लोकांनी गाण्याच्या चित्रफितीत पाहिलेली होती. मग वाद्यं थांबवून नुसत्या आवाजाची हाक आणि प्रतिसाद. मग गिटारचं जोरकस गाणं, मग हलकंफुलकं, ज्यात तो स्वतः गिटार घेतो. शेवटी आखूड केलेलं ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’. सहा गाणी, त्यातलं एकही नवं नाही. ही मांडणी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये तालमी करून बसवलेली होती. बँड त्याआधी मे महिन्यापर्यंत दौऱ्यावर होता, जपानमध्ये वाजवून आलेला होता. जानेवारीत रिओच्या अफाट गर्दीसमोर वाजवून झालेलं होतं. त्या संध्याकाळी स्टेजवर आला तो पंधरा वर्षं एकत्र राबलेला, हात बसलेला बँड.

इथे २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाचा हिशोब चुकता करायलाच हवा, कारण ‘अंगात असावं लागतं’ या समजुतीला त्याने नवी पिढी मिळवून दिली. चित्रपटात बँड फुटलेला असतो, गायकाला आपल्या आजाराचं कळलेलं असतं, सगळे रडून एक होतात आणि मग वेम्बलीवर चमत्कार घडतो. वास्तवात बँड फुटलेला नव्हता. आजाराचं निदानही लाइव्ह एडनंतरचं, असं त्याच्या जोडीदाराने आपल्या आठवणींत लिहिलं आहे. चित्रपटाला दौरे नकोत, तालीम नको, आराखडा नको. त्याला दुःख हवं आणि दुःखातून उसळलेली प्रतिभा हवी. ज्या गोष्टीसाठी माणूस पंधरा वर्षं राबला, ती पडद्यावर एका संध्याकाळच्या भावनेला बहाल केली गेली. गंमत नाही, खेद वाटतो, की हेच उभं करण्यासाठी मुख्य अभिनेता रामी मलेक याने एका हालचाल-प्रशिक्षिकेबरोबर मेहनत घेतली. मर्क्युरीची नक्कल करायला मेहनत लागते हे मान्य, मग मर्क्युरी व्हायला लागत नाही?

हाक आणि प्रतिसादाचा तो भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. ‘ए-ओ’ एवढीच अक्षरं. लोक त्याला जादू म्हणतात. त्यात काय चालतं ते जरा पाहू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवरच्या माणसापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो, आणि त्या माणसाचा आवाज परत यायला तेवढाच. म्हणजे स्टेडियममध्ये गाणारा गायक नेहमी मागच्या क्षणाचं उत्तर ऐकत असतो. घाईने गायलं तर हजारो आवाज एकमेकांवर आदळतात आणि लगदा होतो. मर्क्युरी छोटा तुकडा देतो, थांबतो, सगळं उत्तर स्टेजपर्यंत परत येऊ देतो, आणि मगच पुढचा तुकडा टाकतो, थोडा अवघड. लोकांनी तो पेलला की आणखी अवघड. एक स्वर तो लांबच लांब धरतो आणि तेवढाच लांब स्वर लोकांकडून परत घेतो. या सगळ्यात तो गाण्याइतकाच ऐकतोय. उत्तर कुठे विरळ पडलं, कुठे भरदार आलं, यावर पुढची हाक ठरते. हजारोंच्या गर्दीला असं वाटतं की हा माझ्याशी बोलतोय, कारण तो खरोखरच त्यांचं ऐकून बोलत असतो.

हे काम त्याचं एकट्याचंही नाही. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपला तरी लोक आपणहून गात राहिले. ब्रायन मेने त्यावर विचार केला: दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसाला काय काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. त्यातून ‘वी विल रॉक यू’ आलं: दोन पाय, एक टाळी, संथ लय, मोठ्या मैदानातही न विस्कटणारी. गाणंच अशा रीतीने बांधलंय की प्रेक्षक हे त्यातलं एक वाद्य आहे. मर्क्युरी हे गाणं घेऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या मागे मेची ही कारागिरी उभी असते. साथीदार म्हणून ज्यांना बाजूला टाकलं जातं त्यांच्यातल्या रॉजर टेलरने कितीतरी कार्यक्रमांत वरच्या पट्टीचे स्वर सांभाळले, ते गाता गाता ड्रमही वाजवले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा मधला ऑपेराचा भाग प्रत्यक्ष गाणं शक्य नव्हतं. कार्यक्रमात तो भाग आला की चौघेही स्टेजवरून आत जायचे आणि ध्वनिफीत वाजायची, गिटारच्या जोरदार भागाला परत यायचे. फ्रंटमन स्टेजवर नसतानाही लोक खिळून राहायचे. तेज तेव्हा कुठे जायचं? ते गाण्याच्या बांधणीत आणि परत येण्याच्या नेमक्या वेळेत होतं.

आवाजाचं काय, असं विचारलं जाईल. आवाज असामान्य होता. एवढं मी मान्य करतो, याहून अधिक नाही. चार सप्तकांच्या आवाजाची दंतकथा सगळीकडे सांगितली जाते. २०१६ मध्ये युरोपातल्या आवाजाच्या अभ्यासकांनी त्याच्या मुलाखती आणि ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा चार सप्तकांच्या दाव्याला त्यांना पुष्टी देता आली नाही. बोलण्याच्या आवाजावरून तो मुळात खालच्या पट्टीचा, बॅरिटोन असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. तारस्वरात गायला तो स्वतःच्या निवडीने. सत्तरच्या दशकात त्याच्या स्वरतंतूंना गाठींचा त्रास झाला, कार्यक्रम रद्द करावे लागले. प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रिकेतले उंच स्वर तो अनेकदा खाली उतरवून गायचा. म्हणजे ज्या देणगीवर सगळा डोलारा उभा आहे असं म्हणता, ती स्टेजवर कित्येकदा पूर्णपणे वापरलीच जात नव्हती. तरी लोक भारलेले असत. मग भारून टाकणारी गोष्ट दुसरी कुठलीतरी असणार ना?

आणखी एक बाब. उपजत तेज असतं तर ते स्टेजच्या खालीही दिसलं असतं. मर्क्युरी खाजगीत बुजरा होता, मुलाखती टाळायचा, हे त्याच्या जवळच्यांनी वारंवार सांगितलंय. बुजरा माणूस स्टेजवर जाऊन हजारोंना हुकूम देतो, तेव्हा आपण एक रचलेली, घडवलेली, दर रात्री नव्याने उभी केलेली व्यक्ती पाहत असतो. नावही त्याने स्वतः निवडलेलं आहे.

अंगात येण्याचा सिद्धान्त मानणाऱ्यांचा खरा देव जिम मॉरिसन. द डोअर्सचा हा गायक सुरुवातीच्या काळात लोकांकडे पाठ करून गायचा. म्हणजे त्यालाही तोंड वळवायला शिकावं लागलं. आणि १ मार्च १९६९ ला मायामीमध्ये तो उशिरा, दारूच्या अमलात स्टेजवर आला, गाणी अर्धवट सोडत, प्रेक्षकांना शिव्या देत राहिला. अंगात पुरेपूर आलेलं होतं. कार्यक्रम कोसळला, खटला झाला आणि पुढचे कितीतरी कार्यक्रम रद्द झाले. तेज वाचवायला आलं नाही. दुसऱ्या टोकाला ओअॅसिस या बँडचा गायक लियम गॅलघर. हात पाठीमागे, हनुवटी वर, माइक जरा उंचावर लावलेला, आणि तासभर जवळजवळ हालचाल नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थला दोन दिवसांत अडीच लाख माणसं या उभं राहण्याकडे पाहत होती. कपडे आणि अंगविक्षेप हेच सगळं असेल तर गॅलघरचं काय करायचं? त्याने एक आकृती निवडली आणि ती ढळू दिली नाही. मर्क्युरीनेही हेच केलं होतं, फक्त आकृती वेगळी निवडली.

शेवटचा आक्षेप नेहमी ठेवणीतला असतो: कामानेच होत असेल तर सगळेच मर्क्युरी का होत नाहीत? याचं उत्तर सरळ आहे. सगळे ते काम करत नाहीत. बहुतेक गायक सुरांची तालीम करतात, ऐकण्याची करत नाहीत. गाणी बसवतात, दोन गाण्यांमधली मिनिटं बसवत नाहीत. तिकडे २० एप्रिल १९९२ ला वेम्बलीवरच मर्क्युरीच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. त्यात जॉर्ज मायकलने ‘समबडी टू लव्ह’ गायलं आणि मैदान जिंकलं. त्याच्या तालमीची चित्रफीत उपलब्ध आहे. समोर जेमतेम काही माणसं, आणि हा जीव तोडून, पूर्ण भरलेल्या मैदानासमोर गावं तसा गातोय, वृंदाला सांभाळतोय. ज्याला तो कार्यक्रम चमत्कार वाटतो त्याने आधी ही तालीम पाहावी.

मी एवढं तावातावाने लिहितोय ते क्वीनच्या प्रेमापोटी तर आहेच, पण त्याहून अधिक आपल्या मुलांसाठी. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून दर वर्षी बँड निघतात आणि मोडतात. त्यांच्यातली गायक मुलं पहिल्या दोन कार्यक्रमांत गांगरतात, लोक मोबाइल पाहायला लागतात, आणि कुणीतरी मोठ्या माणसाच्या आवाजात सांगतं, तुझ्यात ते नाही रे. एवढ्या एका वाक्यावर मुलगी गाणं सोडते, मुलगा माइक दुसऱ्याच्या हातात देतो. वाद्यामागे बसलेल्या फारोखला पाचगणीत कुणी हेच सांगून पटवलं असतं तर? महोत्सवाच्या आयोजकांचं वागणंही याच समजुतीतून येतं. कलाकारात असेल तर दिसेलच, म्हणून त्याला साउंडचेकला वेळ दिला जात नाही. मॉनिटरमधून स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेल्या मुलीला स्टेजवर ढकलायचं, आणि नंतर तिच्यात तेज नाही असा निकाल द्यायचा, यात न्याय कुठे आहे?

तेव्हा गाणाऱ्या मुलामुलींनो, तुमचा पुढचा कार्यक्रम शेवटच्या रांगेतून कुणाला तरी चित्रित करायला सांगा, आणि पाहताना स्वतःकडे नको, समोरच्या लोकांकडे पाहा. ते कुठे तुमच्याबरोबर होते, कुठे निसटले, ते लिहून काढा. दोन गाण्यांमध्ये काय करणार तेही बसवा. आणि आयोजकांनो, त्यांना साउंडचेकला पुरेसा वेळ द्या, मॉनिटर नीट लावा, आणि पहिला कार्यक्रम फसला तर दुसऱ्यांदा बोलवा.